पावणेचारची सावली

थोरल्याचा निकाह ठरला आणि आठवड्याच्या आत सुतार येऊन आमच्या हॉलमध्ये खडूने रेघ मारून गेला. रेघ भिंतीपासून भिंतीपर्यंत, आडवी. रेघेच्या पलीकडे खिडकी आणि नऊ फूट जागा, ती नव्या जोडप्याची. अलीकडे सात फूट, ती आमची, पाहुण्यांची, टीव्हीची आणि दादींची. खिडकीपाशी दादींचा तख्त होता. त्यांनी रेघेकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी पाहतो तर त्यांनी आपली रेहल, मुसल्ला आणि चष्म्याची डबी उचलून अलीकडच्या सात फुटांत एका स्टुलावर आणून ठेवली होती.

ते पाहून आम्ही दोघं नवरा-बायको त्या रात्री एकमेकांशी फारसं बोललो नाही.

आमचं घर विठ्ठलवाडीत, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. कर्जतकडे जाणारी लोकल कल्याण सोडते आणि उल्हासनगर यायच्या आधी थांबते ते हे स्टेशन. तीन मजली जुनी इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. हॉल दहा बाय सोळा, किचन, आणि मागे नऊ बाय नऊची एक खोली. त्या खोलीला खिडकी आहे, पण ती डक्टवर उघडते. समोर चार फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत आणि पाइप. हॉलच्या खिडकीचं तोंड दक्षिणेला. त्या बाजूला बैठी चाळ असल्यामुळे आकाश मोकळं. घरात खराखुरा उजेड येतो तो या एका पाच बाय चारच्या खिडकीतून.

दादी म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. मुलांमुळे सगळं घर त्यांना दादी म्हणतं. वय अठ्ठ्याहत्तर. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं टाळत आलेत. जुहरनंतर तख्तावर बसून तिलावत करायची, मग तांदूळ निवडायचे, आणि खिडकीच्या गजाची सावली लादीच्या ठराविक सांध्यावर आली की असरच्या वजूला उठायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मोबाइलवर अजान वाजते, मशिदीचा आवाजही येतो, पण त्या आधी सावली पाहतात.

धाकटी लेक इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा करते. दुसऱ्या दिवशी तिने मेजरिंग टेप काढली आणि म्हणाली, "अब्बा, पार्टिशन मारायच्या आधी मला चार दिवस द्या. घर काँप्युटरवर बांधून बघू."

चार दिवसांचे तीन आठवडे झाले.

तिने वापरलं ते सॉफ्टवेअर म्हणजे 'स्वीट होम थ्री-डी'. मूळ फ्रान्समधलं, फुकट मिळणारं. त्यात घराचा नकाशा वरून काढायचा, भिंतींची उंची द्यायची, दारं-खिडक्या बसवायच्या, पलंग-कपाटं ठेवायची. खाली तेच घर उभं दिसतं. शेवटी खोलीत उभं राहून फोटो काढल्यासारखं चित्र काढता येतं. चित्राच्या दर्जाच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या दोन पायऱ्यांत प्रकाश नुसता नावाला. वरच्या दोन पायऱ्यांवर गेलं की तारीख आणि वेळ विचारतं, सूर्य त्या जागी ठेवतं, दिवे लावलेले असले तर त्यांचाही उजेड मोजतं. त्याला वेळ लागतो. आमच्या जुन्या लॅपटॉपवर वरच्या पायरीचं एक चित्र निघेपर्यंत इशा होऊन जायची, आणि पंखा असा घरघरायचा की दादी विचारायच्या, "ते यंत्र आजारी आहे का गो बाय?"

पहिलं चित्र आलं तेव्हा आम्ही थक्क झालो. तो आमचाच हॉल होता, पण श्रीमंत नातेवाइकांचा वाटत होता. पांढऱ्याशुभ्र भिंती, लादीवर उन्हाचा पट्टा, कोपऱ्यापर्यंत उजेड. थोरला खूश झाला. दादींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"ही वेळ कधीची?"

"दुपारचे बारा, दादी. एकवीस डिसेंबर."

"बरं. पाचचं दाखव."

लेकीने सव्वापाचचं काढलं. चित्र आलं तर खोली काळीमिट्ट. खिडकीबाहेर रात्र. लेकीला वाटलं दिवे लावायचे राहिले. दादी मात्र म्हणाल्या, "डिसेंबरात मगरिब सहानंतर होते. सव्वापाचला तर हनफी लोकांच्या असरलाही वेळ असतो. तुझ्या यंत्राचा सूर्य आमच्या गावचा नाही."

बरोबर होतं त्यांचं. भिंतीवर टांगलेलं नमाजाचं कायमचं वेळापत्रक काढून पाहिलं. एकवीस डिसेंबरला आपल्याकडे सूर्यास्त सहा वाजून तीन-चार मिनिटांनी. चित्रात तो पाचच्या आधीच झाला होता. मग शोध घेतला. नकाशाच्या कोपऱ्यात एक होकायंत्र असतं, त्यात गावाचा अक्षांश-रेखांश भरायचा असतो. तो आम्ही भरलाच नव्हता. काँप्युटरचं घड्याळ भारतासाठी ज्या शहराच्या नावाने लावलेलं असतं ते कोलकाता, आणि तिथलाच अक्षांश-रेखांश त्यात बसला होता. आम्ही तीन दिवस विठ्ठलवाडीच्या हॉलमध्ये कोलकात्याचं ऊन पाहत होतो!

घड्याळ सगळ्या देशाचं एक, सूर्य मात्र ज्याचा त्याचा. भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली आहे. विठ्ठलवाडी साधारण 73.15 अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला बारा वाजून सदतीस मिनिटांच्या आसपास होतात, वर्षभरात थोडं पुढे-मागे. जवालची वेळ पाहणाऱ्या कुठल्याही घराला हे माहीत असतं, फक्त असा हिशोब कोणी मांडत नाही. कोलकाता 88.37 अंशांवर, म्हणजे आपल्यापेक्षा तासभर पुढे. त्यात हिवाळ्यात उत्तरेकडच्या गावात दिवस आणखी लहान. ते सगळं त्या काळ्या चित्रात उतरलं होतं.

होकायंत्रात आकडे भरले, उत्तर दिशाही नीट लावली. पण दादींचा विश्वास उडाला होता. त्यांना परीक्षा हवी होती. त्यांचे सासरे, म्हणजे गावचे आमचे आजोबा, अंगणात काठी रोवून असर पाहायचे. काठीची दुपारची सर्वांत आखूड सावली बाजूला काढायची. त्यावर काठीइतकी सावली आणखी वाढली की शाफई असर, काठीच्या दुप्पट वाढली की हनफी. आमच्या इमारतीत एकाच जिन्यावर या दोन असर होतात. आम्ही कोकणी, शाफई. वरच्या मजल्यावरचं कुटुंब उत्तर प्रदेशातलं, हनफी. डिसेंबरात दोन्हींत पाऊण तासाचं अंतर पडतं.

तर लेकीने घराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर एक मीटर उंचीची काठी उभी केली, काँप्युटरमध्येच. बरोबर मध्यान्हीचं चित्र वरून घेतलं. सावली मीटरला थोडी कमी, नव्वद सेंटिमीटरच्या वर. मग तीन वाजून त्रेचाळीस मिनिटांचं घेतलं. सावली एक मीटर नव्वदच्या आसपास. साडेचारला दोन मीटर नव्वदच्या थोडी वर. वेळापत्रकाशी पडताळलं, दोन्ही असर मिनिट-दोन मिनिटांच्या फरकाने जुळल्या.

दादी म्हणाल्या, "आता दाखव माझी खिडकी."

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे लेकीने सांगितलं तेव्हा आम्हाला फार गंमत वाटली. युक्लिड, टॉलेमी यांच्यासारखे जुने विद्वान मानत की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून दिसतं. बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाजिर' या ग्रंथात ते खोडून काढलं. उजेड वस्तूवर पडतो, तिथून उधळतो आणि डोळ्यात येतो, तेव्हा दिसतं. आज शाळेतलं पोरही हे जाणतं. पण काँप्युटर चित्र काढताना काय करतो? उलटं! दिव्यातून निघणारे सगळे किरण मोजत बसलं तर त्यातले बहुतेक डोळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, मेहनत वाया जाते. म्हणून तो डोळ्यापासून किरण उलटे सोडतो. हा ठिपका भिंतीवर जातो, भिंतीवरून छतावर, छतावरून खिडकीबाहेर, असा माग काढत उजेडाच्या उगमापर्यंत जातो. किरण उलटे, पण नियम इब्न अल-हैसम यांचेच. म्हणून तर लॅपटॉपचा पंखा घरघरतो.

आता खिडकी. आमच्या गावाचा अक्षांश साधारण 19.2. त्यामुळे एकवीस डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवर असतो आणि आमच्या खिडकीतून सात फुटांच्या उंचीवरून शिरलेलं ऊन आत साडेसहा फुटांपर्यंत लादीवर येतं. बरोबर दादींच्या तख्ताखाली. मेच्या मध्यात तो थेट डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायातच राहते. जूनमध्ये तर तो दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो, दक्षिणेच्या खिडकीत ऊन नाही. चित्रांमध्ये हे महिन्यामहिन्याने दिसत गेलं. दादींना यातलं काहीच नवीन नव्हतं. उन्हाळ्यात तख्त खिडकीला चिकटवायचा आणि थंडीत दोन हात मागे घ्यायचा हे त्या न सांगता करत आल्या आहेत.

मग लेकीने सुताराची रेघ भिंत करून उभी केली. सात फुटांच्या अलीकडच्या भागाचं दुपारी बाराचं चित्र मागवलं. इशाच्या सुमारास ते आलं. टीव्हीसमोर बसायची जागा राखाडी, कोपरे काळे. रेहल ठेवलेलं स्टूल ओळखूसुद्धा येत नव्हतं.

थोरल्याने ते पाहिलं. "दिवा लावू की तिथे. दिवसा लावू," म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

चित्राने माणूस घाबरतो किंवा भुलतो, म्हणून लेकीने मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप घेतलं. उजेडाचं माप लक्स. फोनचा आकडा काटेकोर नसतो, पण जागा-जागांतला फरक कळतो. सकाळी अकराला खिडकीच्या कडप्प्यावर 1,400, तख्तावर 520, दारापाशी 70, किचनच्या ओट्यावर 85, आणि मागच्या खोलीत पलंगावर 14. तेव्हा बाहेर चाळीच्या पत्र्यावर ऊन तळपत होतं. भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या घरात उजेड असू शकतो, हे ऐकल्यावर मागच्या खोलीतल्या चौदाकडे आम्ही पाहत राहिलो. बावीस वर्षं आम्ही त्या खोलीत झोपतोय.

सरकारी मानकांतही याचा हिशोब आहे. पुरेशा दिवसाच्या उजेडासाठी बाहेर आठ हजार लक्स धरतात आणि घरात त्याचा किती टक्के यायला हवा ते सांगतात. स्वयंपाकघरात अडीच टक्के म्हणजे 200 लक्स, अभ्यासाच्या जागी 1.9 टक्के म्हणजे साधारण 150, बैठकीच्या खोलीला 50 पुरे. आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे आपल्यासारख्या दमट-उष्ण हवेत खिडक्या जमिनीच्या एक षष्ठांश असाव्यात. आमच्या 160 चौरस फुटांच्या हॉलला साधारण सत्तावीस चौरस फूट खिडकी हवी, आहे वीस. तीही सुतार भिंतीआड घालणार होता.

वयाचाही एक हिशोब आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो असं मानतात. म्हणजे लेकीला जिथे लख्ख दिसतं तिथे दादी अंधारात असतात. दोन वर्षांपूर्वी मागच्या खोलीबाहेरच्या बोळात त्या पडल्या होत्या. मनगट मोडलं. तेव्हा आम्ही चपलेला दोष दिला होता. लेकीने बोळात फोन धरला. नऊ लक्स.

मग दुसरी मांडणी सुचली. मागच्या खोलीला दार आहे, कडी आहे. ती थोरल्याला द्यावी. हॉलमध्ये पार्टिशन राहील, पण खिडकीकडचा भाग दादी आणि लेक यांचा. अलीकडे आम्ही दोघं. पार्टिशन पाच फुटांपर्यंत प्लायचं, वर छतापर्यंत दुधी काच, म्हणजे खिडकीचा उजेड वरून आमच्यापर्यंत येईल. चित्रात तो आलाही. पण प्रश्न सुटला नाही, नुसता सरकला. चौदा लक्सची खोली आता नव्या सुनेच्या वाट्याला.

आणि इथे आमच्या हातून एक गोष्ट होता होता राहिली. ती लिहायची की नाही यावर आमचं दोघांचं एकमत नव्हतं, पण लिहितो.

विहीणबाई घर पाहायला येणार होत्या. आमच्यापैकी एकाने लेकीला सांगितलं, "मागच्या खोलीचं छान उजळ चित्र काढून ठेव." ते अवघड नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये दिव्याची ताकद टक्क्यांत असते, वॉटमध्ये नाही. पन्नासचे शंभर केले, छताला आणखी दोन दिवे चिकटवले की गुहेचा महाल होतो. डक्टवरची खिडकी पडद्याआड. लेक गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "काढते. पण दिवे बंद केलेलं पण काढते. दोन्ही दाखवू, नाहीतर एकही नको." तिच्या वर्गातल्या मॅडमनी शिकवलं होतं की गिऱ्हाइकाला सकाळचं, संध्याकाळचं आणि दिवे बंद केलेलं अशी तिन्ही चित्रं दाखवायची. आम्ही गिऱ्हाईक नव्हतो, आईबाप होतो, तरी ओशाळलो.

टक्क्यांचा घोळ सोडवायला तिने मॅडमच्या सांगण्यावरून 'डायलक्स' नावाचं दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. ते जर्मनीतलं, दिव्यांचं काम करणाऱ्यांचं. त्यात दिवा किती ल्युमेन देतो ते भरायचं आणि पलंगावर, टेबलावर किती लक्स पडतील ते आकड्यांत येतं. साध्या हिशोबानेही अंदाज लागतो. नऊ वॉटचा एलईडी बल्ब साधारण 900 ल्युमेन देतो. मागची खोली साडेसात चौरस मीटर. दोन बल्ब म्हणजे 1,800 भागिले साडेसात, 240 लक्स. पण हे कागदावर. भिंती, पंखा, कपाट आणि बल्बवरची धूळ आपापला वाटा घेतात; निम्मा उरला तरी पुष्कळ. त्या खोलीला आम्ही पूर्वी विटकरी रंग दिला होता. तो बराचसा उजेड गिळतो. पांढऱ्या रंगाची भिंत पडलेल्या उजेडातला तीन चतुर्थांशाहून अधिक परत देते. बल्ब वाढवण्याआधी रंग बदला, हे आम्हाला त्या आकड्यांनी शिकवलं.

विहीणबाई आल्या, बरोबर होणारी सूनही. चहा झाला. लेकीने लॅपटॉप उघडून चित्रं दाखवली, दोन्ही. दिवे बंद असलेलं मागच्या खोलीचं चित्र पाहून विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "डक्टवरची खोली?" एवढंच म्हणाल्या. आम्हाला उत्तर सुचेना. दादींनी मधेच सांगून टाकलं, "खिडकी पोरीला द्या. मी कुठेही बसेन."

सून कल्याणला एका शाळेत शिकवते. ती चित्रांकडेच पाहत होती. तिने लेकीला विचारलं, "हे किती वाजताचं?"

"दुपारी बाराचं."

"बाराला मी शाळेत. घरी येते तेव्हा पाच-साडेपाच झालेले असतात, थंडीत जेमतेम उजेड. वह्या तपासते रात्री." मग आईकडे वळून म्हणाली, "दिवसाचा उजेड दादींना राहू दे. मला रात्रीचा चांगला द्या. आणि टेबल."

विहीणबाईंचं समाधान झालं असं नाही. जाताना जिन्यात त्या एवढंच बोलल्या की सुट्टीचा दिवसही दिवसच असतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून मागच्या खोलीच्या दरवाजावर एक फूट काच घातली, म्हणजे निदान हॉलमधला उजेड आत डोकावेल. सुतार म्हणाला, असं कोणी करत नाही. आम्ही म्हटलं, पूर्वी कल्याणच्या जुन्या वाड्यांत दारांवर झरोके असायचेच की. दादी आमच्या बाजूने होत्या, त्यामुळे सुतार हरला.

सुनेच्या खोलीसाठी मात्र मन लावून काम केलं. भिंती पांढऱ्या. छताला दोन दिवे, उबदार पिवळसर. 6500 केल्विनचा निळसर पांढरा बल्ब दुकानदार गळ्यात मारतात, तो आम्ही घेतला नाही. दादी तर ऑपरेशननंतर त्या पांढऱ्या उजेडाला "इस्पितळाचा" म्हणतात, त्यांच्या एका डोळ्याला तो निळा दिसतो आणि दुसऱ्याला मळका. वह्यांच्या टेबलावर वाकवता येणारा दिवा. दिवा कागदापासून निम्म्या अंतरावर आणला की उजेड जवळजवळ चौपट होतो, त्यामुळे छताला दहा दिवे लावण्यापेक्षा हा एक बरा. काम झाल्यावर फोन धरला: पलंगावर 130, वह्यांवर 480. फॉल्स सीलिंगमध्ये बारा दिव्यांची रांग बसवून देतो म्हणणाऱ्या एका मिस्त्रीला नको म्हणताना थोरल्याला वाईट वाटलं होतं. मित्रांच्या घरी तसंच आहे. विजेचं बिल पाहून ते दुःख ओसरेल, इन्शाअल्लाह.

एक गोष्ट चित्राने आधीच दाखवली म्हणून वाचलो. दादी तहज्जुदला उठतात. त्यांनी छताचा दिवा लावला तर पार्टिशनच्या दुधी काचेतून अख्खा उजेड आमच्या तोंडावर येतो, हे लेकीने रात्री तीनचं चित्र काढून दाखवलं. आमची बाजू चांदण्यासारखी उजळलेली! म्हणून त्यांच्या तख्तापाशी गुडघ्याच्या उंचीवर, खाली तोंड केलेला छोटा दिवा लावला. मुसल्ल्यापुरता आणि बोळाच्या तोंडापर्यंत उजेड पडतो, वर जात नाही. बोळात अंधार झाला की आपोआप लागणारा दिवा बसवला. आवाजाचं मात्र कुठलंच सॉफ्टवेअर आम्हाला सापडलं नाही. दादींचा बदना लादीवर ठेवल्याचा आवाज रोज तीनला आम्हाला उठवतो.

चुकलंही बरंच. या चित्रांतलं आकाश सदा निरभ्र. जून ते सप्टेंबर कल्याणवर जे ढग बसतात त्याचा त्याला पत्ताच नाही. जुलैत एका दुपारी दारापाशी फोन धरला तर 11 लक्स. ग्रिलवर वाळत घातलेले कपडे आम्ही चित्रात टाकले नव्हते, आणि आमच्या खिडकीवर पावसाळाभर कपडे असतात. शेवटी लेकीने अट घातली की दुपारी दोन ते चार ग्रिल मोकळी. ती सगळ्यांनी पाळली, मोडली, पुन्हा पाळली.

निकाह झाला, अलहमदुलिल्लाह. दादी खिडकीपाशी आहेत. सून रात्री वह्या तपासते. रविवारी दुपारी ती आपणहून दादींच्या तख्तावर येऊन बसते, आणि दोघी तांदूळ निवडतात.

परवा समोरच्या चाळीवर पत्र्याचा बोर्ड लागला. सात मजली इमारत होणार. चाळीतल्या लोकांना पक्की घरं मिळतील, त्यांना मुबारकच म्हणायला हवं, आणि आम्ही म्हटलंही. रात्री लेकीने लॅपटॉपवर तीस फुटांवर सत्तर फूट उंचीचा एक ठोकळा उभा केला. आमच्या खिडकीच्या वर तो सेहेचाळीस फूट जातो. तेहतीसच्या पुढे गेला की डिसेंबरचं दुपारचं ऊन बंद, हे त्रिकोण काढूनही कळतं. चित्रात लादीवरचा पट्टा गेला होता. ते दादींना दाखवायचं नाही असं आम्ही ठरवलं.

त्यांनी बोर्ड गॅलरीतून वाचला होता. सकाळी लेकीला म्हणाल्या, "ती इमारत उभी केलीस का तुझ्या यंत्रात?"

लेकीने आमच्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप उघडला. दादींनी दुपारचं पाहिलं, तीनचं पाहिलं. मग म्हणाल्या, "सकाळचं काढ." चाळीच्या पूर्वेला रस्ता आहे, तिथे इमारत येणार नाही. नऊ वाजताच्या चित्रात त्या फटीतून तिरपं ऊन खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून येऊन भिंतीपर्यंत गेलं होतं.

"म्हणजे चाश्तच्या वेळेला येईल," दादी म्हणाल्या, आणि थोरल्याला हाक मारून तख्त त्या भिंतीकडे फिरवून घेतला. इमारत व्हायला अजून तीन वर्षं आहेत, असं आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, सवय व्हायला वेळ लागतो.